गोलदिघीच्या काठावर

कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवर, पुस्तकांच्या दुकानांच्या ऐन गर्दीत एक तळे आहे. आकाराने चौकोनी, पण नाव मात्र गोलदिघी. १८४० नंतरच्या तीन-चार वर्षांत हिंदू कॉलेजातील काही विद्यार्थी संध्याकाळी या तळ्याकाठी जमत. पुढे ज्या जागी विद्यापीठाचे सिनेट हाऊस उभे राहिले, तेथे त्या वेळी शिककबाबांची दुकाने होती. फाटकातून वळसा घालून जाण्याइतका धीर कोणाला असणार? पोरे कठड्यावरून उड्या टाकीत, गरम कबाब घेऊन येत आणि त्याबरोबर ब्रँडी पीत. तीही पाण्याचा थेंब न घालता!

ही हकीगत कोणा निंदकाने सांगितलेली नाही. त्या टोळीतल्याच एकाने ती आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. त्यांचे नाव राजनारायण बसू. १८२६ साली जन्मलेले हे बाबू पुढे मोठे शिक्षक, लेखक आणि ब्राह्मसमाजाचे पुढारी झाले. श्रीअरविंदांचे ते आजोबा, म्हणजे आईचे वडील. राजनारायणबाबू म्हणतात की, असे मांस खाणे आणि अशी निखळ ब्रँडी पिणे म्हणजे सभ्यतेची व समाजसुधारणेची पराकाष्ठा, अशी आम्हां मित्रांची समजूत होती.

या कबुलीपाशी मी बराच वेळ अडलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून चढण्याचा योग माझ्या नशिबी नव्हता. पण वीस वर्षे ज्यांना शिकवीत आलो ती मुले दरसाल कॉलेजात जातात, वसतिगृहांत राहतात आणि सुट्टीत भेटायला येतात. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट यांत मला फारसा फरक दिसेना. म्हणून, तरुण विद्यार्थी अतोनात पितो तो का, आणि त्याचे पिणे कमी करण्याचे उपाय कोणी कोणी, कसे केले, याचा इतिहास जमेल तसा चाळला. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कडू वाटेल खरा. पण कारल्याची भाजीही पानात एका बाजूला असतेच.

हिंदू कॉलेज निघाले १८१७ साली. १८२६ मध्ये तेथे हेन्री डेरोझिओ नावाचा जेमतेम सतरा वर्षांचा शिक्षक आला. दिसेल ते मानू नका, प्रश्न विचारा, हा त्याचा धडा. त्याचे शिष्य पुढे 'यंग बेंगॉल' म्हणून प्रसिद्धीस आले. जातिबंधने, सोवळेओवळे, मूर्तिपूजा या साऱ्यांवर त्यांनी हत्यार उपसले. पण बंड मनात आहे हे जगाला दिसावे कसे? विचार डोळ्यांना दिसत नाही, पेला दिसतो. ज्या घरांत दारूचे नाव काढणे पाप, त्या घरांतल्या मुलाने पेला उचलला की तो एका क्षणात सुधारक ठरे. १८३१ च्या एप्रिलमध्ये डेरोझिओला कॉलेज सोडावे लागले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, बाविसाव्या वर्षी, पटकीने तो गेला. त्या साली ऑगस्टमध्ये या मंडळातील काही तरुणांनी मित्राच्या घरी बसून मांस खाल्ले आणि हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या अंगणात फेकली. मोठा गवगवा झाला. गुरूच्या धड्यातली प्रश्न विचारण्याची शिस्त कठीण होती, ती थोड्यांच्याच हाती लागली. पेला सोपा होता, तो पुढच्या पिढीपर्यंत पोचला. राजनारायणबाबू त्या पुढच्या पिढीतले. एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ही मुले उनाड नव्हती. कॉलेजातली हुशारांतली हुशार मुले होती.

राजनारायणांचे वडील नंदकिशोर बसू हे राममोहन रायांचे अनुयायी. ते स्वतः थोडी घेत, पण मोजून. मुलगा मित्रांत बसून वाटेल तितकी पितो, हे त्यांच्या कानी आले. दुसरा बाप असता तर त्याने छडी काढली असती किंवा घराबाहेर काढले असते. नंदकिशोरांनी एके संध्याकाळी मुलाला खोलीत बोलावले, दार लावून घेतले आणि कपाट उघडले. कपाटातून पुलावाचा डबा निघाला, शेरीची बाटली निघाली, पेले निघाले. वडिलांनी सांगितले की, आजपासून रोज संध्याकाळी माझ्याबरोबर जेवायचे आणि माझ्याबरोबरच घ्यायची. पण दोन पेल्यांवर तिसरा मिळणार नाही, आणि बाहेर घेतल्याचे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी हे बंद.

बापाच्या धैर्याचे आणि मायेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. त्याने मुलाला चोर ठरविले नाही, तोंडावर दार लावले नाही. तरीही हा उपाय फसला. मोजक्या दोन पेल्यांनी मुलाचे समाधान होईना; बाहेरचे पिणे चालूच राहिले. १८४४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अतिपानाने ते आजारी पडले आणि कॉलेज सुटले.

हा उपाय का फसला? मला वाटते, बापाने पेला मोजला, पण मंडळी मोजली नाही. घरी दोन पेले होते, तळ्याकाठी मान होता. त्या मुलाला तहान ब्रँडीची नव्हती. सवंगड्यांत आपण मागे पडू नये याची होती. ती तहान घरच्या कपाटातून भागणार कशी?

आता त्याच माणसाचे पुढचे आयुष्य पाहा. १८५१ साली राजनारायणबाबू मेदिनीपूरच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. तेथे त्यांनी मुलींची शाळा काढली, कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली, ग्रंथालय उभारले. आणि एके काळी गोलदिघीच्या कठड्यावरून उड्या टाकणाऱ्या या गृहस्थाने तेथेच 'सुरापान-निवारणी सभा' स्थापन केली. पेला सोडा एवढेच ज्या सभेत सांगतात, तेथे तरुण फार दिवस टिकत नाही. येथे ग्रंथालय होते, चर्चा होत्या, कामे होती. उठून जाण्यासारखी दुसरी बैठक तयार होती.

कलकत्त्यात हेच काम दुसऱ्या एका शिक्षकाने हाती घेतले. प्यारीचरण सरकार त्यांचे नाव. तेही हिंदू कॉलेजचेच विद्यार्थी. मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी त्यांनी लिहिलेली वाचनपुस्तके बंगालच्या घराघरांत गेली. बारासतला मुख्याध्यापक असताना, १८४७ साली, मुलींची शाळा काढण्यात त्यांचा हात होता आणि त्यासाठी गावाचा रोष त्यांनी सोसला होता. १८६३ साली, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवीत असता, त्यांनी बंगालची मद्यपाननिषेधक सभा स्थापन केली. इंग्रजीत 'वेल-विशर' आणि बंगालीत 'हितसाधक' अशी दोन पत्रे चालविली. सुधारणेचा कट्टर कैवारी असा हा माणूस स्वतः पीत नव्हता आणि तसे चारचौघांत सांगत होता. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट शंभर व्याख्यानांहून मोठी होती. सुधारक आणि पिणारा हे दोन शब्द तोवर जोडीने चालत. प्यारीचरणांनी त्यांची फारकत करून दाखविली. १८७० नंतर केशवचंद्र सेनांनी त्याच वाटेने मुलांसाठी 'बँड ऑफ होप' काढला. त्या मेळ्यात नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक विद्यार्थी होता. त्यालाच पुढे जगाने स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले.

नाटककारांनीही हात लावला. मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६० साली एक प्रहसन लिहिले. त्याच्या नावाचाच अर्थ 'यालाच का सभ्यता म्हणायची?' असा आहे. त्यातले तरुण 'ज्ञानतरंगिणी सभा' भरवितात. घरी सांगतात, सभेला जातो. आणि सभेत ज्ञानाऐवजी बाटलीचे तरंग उठतात. दीनबंधू मित्रांचे 'सधवार एकादशी' १८६६ चे. नवरा जिवंत असूनही बायकोच्या नशिबी विधवेचा उपास, असा त्या नावाचा रोख. त्यातला निमचाँद इंग्रजी काव्ये घडाघडा म्हणतो आणि पिऊन लोळतो. दैवाचा खेळ असा की, 'यालाच का सभ्यता' असे विचारणारे मधुसूदन, राजनारायणांचे कॉलेजातले मित्र, स्वतः त्या पेल्यातून सुटले नाहीत. १८७३ साली एकोणपन्नासाव्या वर्षी, कर्जात बुडालेल्या स्थितीत, कलकत्त्याच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. पेला वाईट हे ठाऊक असणे आणि तो खाली ठेवता येणे, या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे ते यावरून कळावे.

मराठी वाचकाला एव्हाना आपला तळीराम आठवला असेल. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले, आणि 'एकच प्याला' त्याच साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकर अडाणी नव्हता, बुद्धिमान वकील होता. सनद काही काळ रद्द झाली, अपमान जिव्हारी लागला, आणि जवळ बसलेल्या तळीरामाने विसरण्याचे औषध म्हणून एक पेला पुढे केला. त्या तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' म्हणजे बंगालच्या ज्ञानतरंगिणी सभेचे सख्खे भावंडच. दोन प्रांतांतल्या दोन प्रतिभावंतांना एकच गोष्ट दिसली: दारू एकट्याने सुरू होत नाही, तिला मंडळ लागते, आणि मंडळाला एक भारदस्त नाव लागते.

मंडळाला मंडळ उभे करण्याचा प्रयत्न पुण्यातही झाला होता. १९०८ च्या उन्हाळ्यात टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले आणि येणाऱ्याला हात जोडून परत फिरवू लागले. तरुण विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला. सरकारचा महसूल बुडू लागताच बंदी आली, पोरांना पकडले गेले. जूनमध्ये टिळकांनाच राजद्रोहाखाली अटक झाली. चळवळ थांबली. पण त्या दोन महिन्यांत न पिणे ही मर्दुमकीची गोष्ट झाली होती. गोलदिघीवर जो मान पेल्याला मिळत होता, तो पुण्यात पेला अडविणाऱ्याला मिळाला.

शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना आणि नाटककारांना जे अनुभवाने दिसले, ते मोजून पाहण्याचे काम पुढे अमेरिकेत झाले. त्या देशाने १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे देशभर दारूबंदी करून पाहिली आणि मागे घेतली होती. नंतर येल विद्यापीठातील रॉबर्ट स्ट्रॉस आणि सेल्डन बेकन या दोघांनी २७ कॉलेजांतील जवळजवळ सोळा हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या पिण्याविषयी विचारले. त्यांचे पुस्तक १९५३ साली निघाले. कॉलेज मुलाला बिघडविते ही सर्वांची समजूत. पण पिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिला पेला कॉलेजात येण्यापूर्वीच घेतला होता, आणि घरच्या रीतीची छाप त्यांच्यावर ठळक होती. १९९३ साली हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी १४० कॉलेजांत पाहणी केली. एका बैठकीत मुलाने पाच किंवा मुलीने चार पेले घेतले तर ते अतिपान, असे माप त्यांनी धरले. शंभरातले ४४ विद्यार्थी मागच्या पंधरवड्यात त्या मापाला पोचले होते.

सर्वांत नवलाची गोष्ट मात्र न्यूयॉर्क राज्यातील एका लहान कॉलेजात सापडली. वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले: दारूविषयी तुझे स्वतःचे मत काय, आणि इतरांचे मत काय असावे असे तुला वाटते? बहुतेकांचे स्वतःचे मत संयमाचे निघाले. पण इतर सगळे बेताल पिण्याच्या बाजूचे आहेत, असे त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटत होते. म्हणजे जो तो मनातून संयमी, आणि जो तो इतरांच्या धाकाने पेला भरणारा!

गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला घरी बोलावले. मुलगा पुण्याला वसतिगृहात; दोनदा इस्पितळात न्यावा लागला होता. वडील रागाने थरथरत होते, आई आत रडत होती. मुलाला मी गच्चीवर नेले आणि विचारले, "का रे?" तो म्हणाला, "सर, सगळेच पितात." मी म्हटले, "सगळे म्हणजे किती? नावे मोज." त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. त्याच्या मजल्यावर चाळीस मुले. सातव्या नावावर बोट अडले. खालमानेने तो बराच वेळ बसून राहिला; मग म्हणाला, "बाकीचे खोलीत असतात, सर. ते दिसत नाहीत."

पर्किन्स यांच्या शोधाचा सारा अर्थ त्या पोराने एका वाक्यात सांगितला. पिणाऱ्याचा आवाज मोठा. न पिणारा खोलीत दिवा लावून बसलेला. आवाजावरून माणसे मोजली की सात जण चाळीस वाटतात.

इलिनॉय राज्यातील एका विद्यापीठाने या शोधाचा सरळ उपयोग केला. १९९० च्या सुमारास तेथे भिंतींवर आणि विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात एकच खरी माहिती पुन्हा पुन्हा छापू लागले: आपल्यातले बहुसंख्य विद्यार्थी पार्टीतही बेताने घेतात. धमकी नाही, कवटीचे चित्र नाही. दहा वर्षांच्या आत तेथील अतिपान करणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक घटले. हीच युक्ती पुढे अनेक ठिकाणी करून पाहिली. काही ठिकाणी गुण आला, काही ठिकाणी आला नाही. भिंतीवरचा कागद सर्वांशी बोलतो. बुडणाऱ्या एकाशी बोलायला माणूसच लागतो.

असा माणूस सिॲटलच्या विद्यापीठात भेटतो. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट (१९४१ ते २०११) यांनी प्रयोगशाळेतच एक नकली दारूचे दुकान थाटले होते: मंद दिवे, गाणी, उंच स्टुले, सारे काही. वोडका म्हणून विद्यार्थ्यांना साधे टॉनिक पाणी दिले, तरी ते मोठ्याने बोलू लागत, खिदळू लागत. नंतर खरे सांगितले की एकमेकांकडे बघत बसत. ज्याला आपण नशा म्हणत होतो तिच्यातला बराच भाग अपेक्षेचा आणि मंडळींचा होता, हे त्यांना स्वतःच्याच डोळ्यांनी दिसे.

मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोक्याच्या वाटेवरच्या ३४८ नव्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्याचा निकाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना बोलावून तासाभराची मुलाखत घेतली. तू किती पितोस, तुझ्यासारखी इतर मुले प्रत्यक्षात किती पितात, त्यापायी तुझे काय काय बिघडले, आणि तुला स्वतःला काय हवे आहे, एवढेच बोलणे. उपदेश नाही, शपथ नाही. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांचे पिणे वयाबरोबर उतरले होते. पण ज्यांच्याशी असे बोलणे झाले होते त्यांचे अधिक उतरले होते, आणि दारूपायी होणारी भांडणे, अपघात, बुडालेले तास हेही त्यांच्यात कमी होते. चार वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. एक तास आणि चार वर्षे! मास्तरकीच्या धंद्यात इतका स्वस्त सौदा मी दुसरा पाहिला नाही.

नंदकिशोर बसूंनी कपाट उघडले त्या संध्याकाळी हाच धागा त्यांच्या हाती आला होता. मुलाला खोलीत घेऊन, दार लावून, न चिडता बोलणे, हे त्यांना साधले. एक प्रश्न राहून गेला: "तुझ्या त्या तळ्याकाठच्या मंडळीत खरोखर किती जणांना ही ब्रँडी आवडते रे?" कोणी सांगावे, त्या कठड्यावरून उडी टाकणाऱ्या अर्ध्याअधिक पोरांच्या घशाला ती कोरडी ब्रँडी जाळीत असेल आणि एकमेकांच्या भयाने ती हसत असतील.

महाराष्ट्रात कायदा आहे. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा पुष्कळ बदलांनिशी अजून पुस्तकात आहे, आणि वयाची अटही आहे. कायदा दुकानाच्या दारापर्यंत जातो. वसतिगृहाच्या खोलीत, रात्री अकरा वाजता, पेला पुढे येतो तेव्हा तेथे असतात फक्त सोबती. म्हणून सोबत्यांनाही एक गोष्ट माहीत हवी. अतोनात पिऊन जो उठविल्यास उठत नाही, ज्याचा श्वास मंद किंवा अडखळत चालतो, तो झोपलेला नसतो. त्याचा जीव धोक्यात असतो. त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये, कॉफी पाजू नये की थंड पाण्याखाली धरू नये, आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. घरी कळेल, वसतिगृहातून काढतील, या भीतीने मुले फोन करीत नाहीत, आणि त्या भीतीने जीव जातात. ही भीती काढणे मात्र सोबत्यांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

या दिवसांत मुले घरी आली आहेत. अभ्यंगस्नान होईल, फराळ होईल, भाऊबीजेला बहीण ओवाळील. एखाद्या संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावे आणि कॉलेजची गंमत विचारावी. ती ऐकून घ्यावी. "सगळेच करतात" हा शब्द आलाच, तर रागावू नये. बोटांवर मोजायला सांगावे, आणि मोजून होईपर्यंत गप्प बसावे.